गोफण खाली ठेवली तो दिवस

आमच्या घरात पाखरू हा शब्द शिवीच्या जवळपासचा होता. कुणी आयतं खात बसला की माय म्हणे, "पाखरू झालं हे." मी पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसले की मीही पाखरू. ज्या घराचं वर्षाचं पोट ज्वारीवर, तिथं पाखरांविषयी दुसरं काय बोललं जाणार? दिवाळी झाली, ज्वारीचं कणीस बाहेर पडून दुधानं भरू लागलं, की माय घरची राहत नसे. बाहेर अंधार असतानाच चूल पेटे. भाकरी थापल्याचा थप थप आवाज, तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वास, पाट्यावर वाटलेल्या जवसाच्या चटणीचा वास, आणि या सगळ्यावर मायचं पुटपुटणं. दिवस उगवायच्या आत ती कंबरेला गोफण खोचून निघून गेलेली असे. बाबा एसटीत कंडक्टर होते. बहुतेक रात्री कुठल्यातरी गावी मुक्कामाच्या गाडीवर, आणि घरी असले तरी घोरत. त्यामुळे वावर मायचं होतं. पेरणी, निंदण, राखण सगळं तिचं. मी समुद्रपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, सकाळचे तास उरकून दुपारच्या गाडीनं यायचे आणि दप्तर टाकून मचाणावर चढायचे.

मायची गोफण ऐकण्यासारखी होती. डोक्याभोवती दोन फेऱ्या, मग एक सुटा कडाका, आणि त्याच्या पाठोपाठ तिची हाक, "हाऽऽ हो! हुर्रर्र हाऽऽ!" गावातल्या बाया कापूस वेचता वेचता म्हणायच्या, जनाबाई उठली, आता घड्याळ कशाला बघायचं. आता मी वर्ध्याला, सावंगीच्या रस्त्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. हिवाळ्यात संध्याकाळी दवाखान्याच्या बाजूच्या मोठ्या झाडांवर भोरड्या उतरतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, हजारांनी. डॉक्टरकी शिकणारी पोरं खाली उभी राहून मोबाईल वर धरतात. मी सूनबाईबरोबर फिरायला गेलेली असते आणि माझा हात आपोआप खाली खडा शोधायला जातो. सूनबाई हसते. तिला मी काय सांगू, की ही सुंदर दिसणारी जात एका दुपारी कणसाचा खराटा करून जाते.

त्याच घरात मामाला पाखरांचं वेड लागावं याला काय म्हणायचं! मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, मधुकर, शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर. तो मायला बाई म्हणे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. त्यांची आई गेली तेव्हा मामा रांगत होता. मायनंच त्याला काखेला घेऊन वाढवलं, आणि त्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या वावरात राखण करी, म्हणून त्यालाही मचाणावर घेऊन जाई. ती उभी राहून पाखरं हाकले आणि हा तिच्या पायाशी बसून तीच पाखरं बघे. "माह्याच मचाणावर बिघडला हा," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा तक्रारीचा नसायचा. मामाजवळ एक जुनी, कुणाकडून तरी घेतलेली दुर्बीण होती. तिची एक काच धुरकट होती, तरी तो ती गळ्यात घालूनच सायकल चालवे. रविवारी तो आमच्याकडे येई, पुढच्या खोलीत आम्हाला बसवून बुद्धवंदना घेई, मग सांबार घातलेले पोहे खाई, आणि मग पाखरांवर बोलू लागे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही पोह्यांवर काहीतरी भलतंच ओतलेलं बघाल.

त्याचं लाडकं पाखरू होतं तुरुमती. हा एक लहानखुरा ससाणा, पारव्याएवढा. पाठ निळसर राखाडी आणि डोकं भाजलेल्या विटेसारखं तांबडं. शिकार जोडीनं करतात. एक थव्याच्या पाठी लागतो आणि दुसरी वरून येऊन वाट अडवते. आमच्या वावराच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, विजेच्या मोठ्या लाईनचा टॉवर होता, त्याच्या वरच्या हातावर मामाला ही जोडी हिवाळ्यात दिसायची. तो त्यांच्याविषयी सांगू लागला की माय हातातलं काम न थांबवता म्हणायची, "मधू, तुह्या त्या तुरुमतीनं पंचशील घेतलं का रे? पहिलंच शील मोडते थो रोज सकाळी उठून." मामा गंभीर तोंड करून म्हणे, "थो भूक लागली तरच मोडते, बाई. आपल्यासारखं नाई." मग दोघंही हसत, आणि बाबा आतून ओरडत, की झोपू द्या रे.

वर्ध्याला पक्षी पाहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरच्या हॉलमध्ये जमायचे, कोण काय बघून आलं ते सांगायचे. मामा एकदा मला घेऊन गेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. त्याची पाळी आल्यावर तो उभा राहिला आणि त्यानं तुरुमतीची जोडी सांगितली. मग एक बँकेतले साहेब म्हणाले, "सर, तो नेहमीचा शिक्रा असेल. की तुमच्या गावचे शिक्रे लाल टोपी घालतात?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, घरातल्या माणसाला हसावं तसे हसले, पण हसले. मामाही हसला. मंडळाचे प्रमुख एक डॉक्टर होते, सावंगीला राहायचे, मवाळ माणूस. ते म्हणाले, "सर, आपला नियम तुम्हाला माहीत आहे. फोटो हवा, नाहीतर मंडळातल्या कुणीतरी तुमच्याबरोबर पाहायला हवा." मामा म्हणाला, "बरोबर आहे साहेब." परतीच्या बसमधून जाम गावच्या चौकात उतरल्यावर त्यानं मला आलूबोंडा घेऊन दिला, स्वतःचा हातात धरून उभा राहिला आणि शेवटी तोही मलाच दिला. परवा नातवानं त्याच्या मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला, कुठं कोणतं पाखरू कुणी पाहिलं त्याचे ठिपके. आमच्या तालुक्यावर तुरुमतीचा ठिपका आहे. खाली कुणा पुण्याच्या मुलाचं नाव आहे. चांगली गोष्ट आहे, मला त्या मुलाचा राग नाही. पण मामा आता नाही, आणि तो ठिपका बघून मला पाणी प्यावं लागलं.

मी घरी येऊन ती टोपीची गोष्ट मायला सांगितली होती. तिनं चुलीतलं लाकूड उगाचच पुढे ढकललं होतं. त्यानंतर काही आठवड्यांनी मामा एका संध्याकाळी आला. माय आलू-वांग्याची भाजी फोडणीला टाकत होती. तो दाराशी उकिडवा बसला आणि उंबऱ्याची माती नखानं खरवडू लागला.

"बोल ना," माय म्हणाली. "तोंडात तंबाखूचा खर्रा हाय का?"

"बाई, रविवारी वर्ध्याचे लोकं येऊन राह्यले. तुरुमती पाह्याले. आपल्या वावरात."

"येऊ दे. रोडगे करतो मी."

"थे नाई." मामानं खाली बघितलं. "तेवढा एक दिवस गोफण नको. हाका नको, डबा बडवणं नको. सकायपासून आवाज झाला तर थे जोडी टॉवरवर बसत नाई."

मायचा हात थांबला. ज्वारी त्या आठवड्यात अशी भरली होती की नुसत्या नखानं दाब दिला तर दूध निघावं. याच्याआधी पाखरांना तिची चव नसते आणि याच्यानंतर दाणा कडक होतो. याच दिवसांत राखण सोडली तर कापायला कडबाच उरतो.

"एक दिवस म्हणजे किती कणसं जातात, मालूम हाय तुले?"

"हाव."

"खराटा करते थे भोरड्या कणसाचा."

"हाव, बाई."

"अन् तरी मांगून राह्यला."

"हाव."

भाजी करपल्याचा वास येऊ लागला तशी मायनं कढई उतरवली. मग तिनं विचारलं, "तुले हासले म्हणते थे लोकं. बेबी सांगे." मामानं माझ्याकडे बघितलं. मी परातीकडे बघितलं. "हासले असतील," तो म्हणाला, "हासल्यानं काय होते." माय म्हणाली, "नाई हाकलत रविवारी. जाय, सांग त्यायले." एवढं बोलून तिनं त्याला जेवायला वाढलं आणि करपलेला भाग स्वतःच्या ताटात घेतला.

त्या रविवारी सकाळी मायनं गोफण खुंटीला तशीच लटकत ठेवली. वावराच्या वाटेवर ती पुन्हापुन्हा कंबरेशी हात नेत होती. "मोकयं मोकयं लागून राह्यलं," म्हणाली. डोक्यावर कणकेची परात, माझ्या डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. दव इतकं पडलं होतं, की लुगड्याचे काठ ओले होऊन पायाला चिकटत होते. मामा सडकेच्या फाट्यावर जाऊन उभा होता, आणि दिवस हातभर वर आल्यावर तो जीपच्या पुढे सायकल मारत पाहुण्यांना घेऊन आला. डॉक्टरसाहेब होते, ते बँकेतले साहेब होते, कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि तिपाई अन् मोठ्या दुर्बिणी उचलणारी दोन मुलं. मामानं मायची ओळख करून दिली. मायनं पदर सावरून हात जोडले आणि लगेच विचारलं, "चहा घेतला का नाई?"

सकाळ फार चांगली गेली, आणि हेच मामाच्या जिवावर उठलं. पाहुण्यांना सगळंच मिळत होतं. तुरीतून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप निघाला, मोठा निळाकाळा नर मागे वळून आमच्याकडे बघत उभा राहिला. तारेवर नीलकंठ होता. कापसावर कापशी घार एका जागी पंख मारत थांबली होती आणि एकदम दगडासारखी खाली पडली. धुऱ्यावरून एक खोकड, म्हणजे लहानसा कोल्हा, शेपटी फुलवून चालत गेलं आणि त्या कॉलेजच्या बाईंनी लहान मुलीसारखा माझा हात दाबला. नंतर एक खरुची दिसली. तीही ससाण्यातलीच, पण सगळीकडे दिसणारी. बँकेतले साहेब म्हणाले, "सर, ही तर नाही ना तुमची?" मामा म्हणाला, "नाही साहेब, ही खरुची." त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं. पण तो रोही बघत नव्हता, खोकड बघत नव्हता. त्याचे डोळे टॉवरवर होते आणि टॉवरवर कावळासुद्धा नव्हता.

बाभळीखाली मायनं गोवऱ्या पेटवल्या होत्या. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा, पदरांवर पदर घालून वळलेला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, वर राख ओढायची, आणि मग फोडून तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि फोडणीचं वरण. धूर सरळ वर चढू लागला तसा मामा पळत आला. "बाई, धूर!"

"मंग कच्चे खातील का पाहुणे तुहे?"

"थोडा कमी कर ना."

"धुराले मी सांगतो, बाबू जरा हळू निंघ म्हणून," माय म्हणाली, पण तिनं ओल्या गोवऱ्या बाजूला केल्या. मी हसले. मामा हसला नाही. तेव्हा मला कळलं की तो घाबरलेला आहे. शाळेतल्या पोरांना दरडावणारा, मला सायकल शिकवणारा माझा मामा, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ओठ चावत होता. मला त्याची फार माया आली.

ऊन तापलं तशा भोरड्या आल्या. आधी आवाज आला, लांब कुठंतरी तेलात मोहरी तडतडावी तसा, मग पूर्वेकडून थवा वळत वळत आला, एकदा आमच्या डोक्यावरून गेला, परत फिरला आणि ज्वारीत उतरला. प्रत्येक कणसावर एक, काहींवर दोन. ज्वारीची ताटं वाकली. माय बाभळीखाली उभी होती ती खाली बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि मांडीखाली दाबून धरले. डॉक्टरसाहेब तिच्या बाजूलाच होते. दुर्बिणीतून डोळे न काढता ते म्हणाले, "वा! काय सुंदर थवा आहे हो, ताई!"

"सुंदर हाय, साहेब," माय म्हणाली. "माही ज्वारी खाऊन राह्यला."

डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांनी ज्वारीकडे बघितलं, मायकडे बघितलं, मग मामाकडे. त्यांना तेव्हाच समजलं असावं की हे वावर आज कुणासाठी उघडं पडलंय. "अहो सर," ते म्हणाले, "असं कशाला? हाकलू द्या त्यांना. आम्ही पुन्हा कधी येऊ." मामा लाल झाला. तो मायजवळ येऊन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हाकल. राहू दे आता. नाई येत थे."

"नाई," माय म्हणाली. "शब्द देल्ला मी."

आणि ती बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले होते. तिच्या गळ्यापर्यंत हाक येत होती आणि ती गिळत होती, ते मला दिसत होतं. बाकीचे टॉवरकडे तोंड करून थांबले. चोचींचा आवाज, कणसं तुटल्याचा आवाज, मधेच दोन भोरड्यांचं भांडण. एवढ्या वर्षांत ज्वारीतून येणारा तो आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला, कारण आमच्या वावरात तो कधी पुरा होऊच दिला जात नसे.

मग थवा सरकला. वावराच्या कोपऱ्याला मायनं बियाण्याची ओळ राखली होती. दरवर्षी ती उभ्या पिकातून फिरून चांगली भरदार कणसं निवडे आणि त्या ताटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून ठेवी. ती ज्वारी कुणी खायची नाही, हुरड्यालाही तोडायची नाही. तिच्या आईनं मागे ठेवलेलं बियाणं होतं ते, सासरी येताना ओटीत घेऊन आली होती. पहिली भोरडी चिंधी बांधलेल्या ताटावर बसली, मग दुसरी, मग ती ओळच दिसेनाशी झाली.

माय कधी उठली ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. तिनं रिकामी परात उचलली, पळीनं तिच्यावर दणके घातले आणि तिच्या तोंडून ती हाक सुटली, "हाऽऽ हो! हुर्रर्र हाऽऽ! हाऽऽ!" इतका वेळ दाबून धरलेली, म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. त्या कॉलेजच्या बाई दचकून खालीच बसल्या. तिपाई आडवी झाली. सगळ्यांनी गर्रकन वळून मायकडे बघितलं. मी तिचा हात धरायला धावले. मामा तिच्याकडे बघत होता, आणि त्याचं तोंड मी पुन्हा बघू नये असं झालं होतं.

फक्त माय वर बघत होती. हाक मारली की पाखरं कुठं जातात ते बघायची तिची रोजची सवय. "आला!" ती ओरडली. "मधू, आला थो! दोघं हायेत! थे पाह्य!"

आम्ही वळलो तोवर थवा फुटून आभाळभर झाला होता. मला नुसत्या भोरड्याच दिसल्या. माय बोट दाखवत होती, बोट तुरीच्या पलीकडे गेलं आणि थांबलं. "गेले," ती म्हणाली. मामा तुरीतून पळत सुटला, ती दोन मुलं त्याच्या मागे. बऱ्याच वेळानं परत आले. काही नव्हतं, एक पीसही नाही.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला. ते मायजवळ आले आणि अगदी आदरानं विचारलं, "ताई, डोकं कोणत्या रंगाचं होतं?"

आमच्या घरातल्या कोंबडीलासुद्धा त्याचं उत्तर माहीत होतं. तीन हिवाळे आम्ही ते डोकं जेवताना, झोपताना ऐकत होतो. मी मनातल्या मनात मायला सांगत होते, म्हण, इटेसारखं म्हण. मायनं मामाकडे बघितलं. मग ती म्हणाली, "एवढ्या घाईत रंग कोण पाह्यते, साहेब? दोघं होते अन् वरून आले, एवढंच दिसलं."

तेव्हा ते बँकेतले साहेब पुढे झाले. त्यांना आपली ती टोपी आठवली असावी. "डॉक्टर, लिहून टाका हो," ते म्हणाले. "सरांनी पाहिलाच असणार. काय सर?" डॉक्टरांनीही मान हलवली. "सर, तुम्ही पाहिला असेल तर माझ्यासाठी पुरे आहे. मीही इथंच होतो असं लिहितो." सगळे मामाकडे बघत होते, आणि सगळ्यांना त्यानं हो म्हणायला हवं होतं. इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी.

मामा धापा टाकत होता. अंगाला तुरीची पानं चिकटली होती. "नाही साहेब," तो म्हणाला. "मी बाईकडं बघत होतो."

मला राग आला. खरंच राग आला, दोघांचाही. आता या वयात मी त्या दोघांची ती दोन वाक्यं नातवंडांना अभिमानानं सांगते. पण त्या दुपारी मी बाभळीच्या बुंध्याला लाथ मारली होती.

पाहुणे जेवले. रोडगे चांगले झाले होते, सगळ्यांनी ते पुन्हापुन्हा सांगितलं, गरजेपेक्षा जास्त वेळा. डॉक्टरसाहेबांनी मायला वाकून नमस्कार केला आणि तिला अवघडल्यासारखं झालं. पुन्हा नक्की येऊ असं ते म्हणाले. जीप धूळ उडवत सडकेला लागली. मग वावरात आम्ही तिघंच उरलो. मायनं राख पसरून विझवली, भांडी परातीत रचली आणि कोपऱ्यावर गेली. चिंध्या बांधलेली ताटं उभी होती, वर नुसते काड्यांचे झुपके. तिनं एक हातात धरून बघितला आणि सोडून दिला.

"बाई, रंग सांगाचा होता ना," मामा म्हणाला. त्याला हसायचं होतं.

"तू काऊन नाई सांगतला पाह्यला म्हणून?"

मामानं सायकल उचलली. गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "तुह्याजवळ ठेव, बेबी. मले नाई लागत आता. लोकायचं वावर खाऊ घालून कोणतं पाखरू पाह्याचं." मी काढून द्यायला लागले तर त्यानं माझा हात बाजूला केला. तो टॉवरकडे बघतसुद्धा नव्हता. सायकलवर बसून तो धुऱ्यानं निघाला आणि मला रडू फुटलं.

"मधू!" मायनं हाक मारली. पाखरांना मारते तशी नव्हे, पण तेवढीच मोठी. "उद्या सुट्टी टाकजो शाळेची."

मामानं एक पाय टेकवला. "कायले?"

"काईच नाई भेटलं त्यायले आज. मी पाह्यलं, उपाशी गेले थे दोघं. उद्या येतील." ती पदरानं हात पुसत होती. "मी नाई हाकलत उद्याबी. चांगली तोंड दाबून बसतो, बेबीले सांगतो धरून ठेव म्हणून."

"बाई, ज्वारी..."

"ज्वारी माही हाय," माय म्हणाली.

मामा खाली उतरला, सायकल बाभळीला टेकवली आणि माझ्यासमोर येऊन दुर्बिणीसाठी हात पुढे केला.